मिस्त्रींना विचारा : मीटर बोंबलतोय, पण इंजिन खरंच पळतंय का?

प्रश्न : नमस्कार मिस्त्री. आमची वीस टनी पोकलेन सध्या शेततळ्याच्या कामावर आहे. महिनाभर झालं, काम जोरात चालू असताना मधेच बझर वाजतो, डिस्प्लेवर ओव्हरस्पीड येतं आणि इंजिन आपोआप बंद पडतं. सेटिंग १८०० आरपीएमला (मिनिटाला १८०० फेरे) असतं आणि मीटर एकदम २९०० दाखवतो. ऑपरेटर म्हणतो आवाजात काय फरक नाही. स्पीड सेन्सर नवीन टाकला, पंधरा दिवस बरं चाललं, परत तेच. आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतायत. काय करू?
– एक वाचक, जत

उत्तर : दादा, ईसीएमला आत्ता हात लावू नका. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, ऑपरेटर म्हणतोय ना आवाज तोच आहे, मग त्याच्या कानावर विश्वास ठेवा. मागं फ्लायव्हीलचं एवढं जड दातेरी चाक असताना १८०० वरचं इंजिन पापणी लवायच्या आत २९०० ला जाऊन परत खाली येत नाही, आणि खरंच गेलं असतं तर चार शेतं पलीकडच्या माणसानं पण मान वर करून बघितलं असतं.

मीटरला आरपीएम कळतो कसा ते बघा. सेन्सर फ्लायव्हीलचे दात मोजतो. समजा १२० दात आहेत, तर १८०० आरपीएमला सेकंदाला ३६०० ठोके येतात. आता वायरीत कुठनं तरी जादाचे ठोके घुसले आणि ते ५८०० झाले, की ईसीएमला वाटतं इंजिन २९०० वर गेलं, मग ते बिचारं इंजिन वाचवायला बंद करतं. त्याची काय चूक, त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं.

म्हणून आधी खात्री करा. हातातला टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) आणा, क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवा (फॅनच्या किंवा अल्टरनेटरच्या पुलीवर नको, त्यांचा आरपीएम वेगळा असतो) आणि डिस्प्लेशी ताडून बघा. दोन्हीत फरक दिसला की इंजिन निर्दोष सुटलं, आता सिग्नलच्या मागं लागायचं. कोड पण नीट वाचून घ्या, त्यात एसपीएनचा आकडा दोष कुठला ते सांगतो आणि एफएमआयचा आकडा दोष कसला ते. बऱ्याच मशीनला एसपीएन १९० म्हणजे इंजिन स्पीड, त्याच्यापुढं एफएमआय ० असेल तर स्पीड मर्यादेच्या वर गेला असं ईसीएमचं म्हणणं, आणि २ किंवा ८ असेल तर सिग्नलच वेडावाकडा येतोय असं समजा.

नवीन सेन्सरवर पंधरा दिवस बरं चाललं, मला तर ह्यातच मेख दिसतीय. सेन्सर बदलताना कनेक्टर काढला, पुसला, परत दाबून बसवला, त्यानं तात्पुरतं सुधारलं असणार. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हताच, वायरिंगमध्ये आहे. इंजिन आयडलला ठेवा, एकाला केबिनमध्ये मीटरकडं बघत बसवा आणि तुम्ही सेन्सरपासून ईसीएमकडं हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू हलवत जा, फक्त फॅन-बेल्टपासून हात लांब ठेवा. जिथं हलवल्यावर काटा उडतो तिथं दोष. क्लॅम्पखाली घासून सोललेली वायर, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज, नाहीतर वायरीवरच्या जाळीचं अर्थिंग सुटलेलं, यातलंच काहीतरी निघतं. सेन्सर काढलाच तर टोक बघा, तो चुंबकाचा असेल तर लोखंडाचा कीस चिकटून बसतो. आट्यांचा सेन्सर असेल तर इंजिन बंद ठेवून, समोर दात आलाय बघून, हलक्या हातानं टेकवायचा आणि साधारण अर्धा ते पाऊण आटा मागं घ्यायचा, पण नेमका गॅप तुमच्या मशीनच्या मॅन्युअलप्रमाणेच.

अजून एक विचारायचं राहिलं, मधल्या काळात बकेटचे दात वेल्डिंग केले का? बॅटरी न सोडता साइटवर वेल्डिंग मारायची आपल्याकडं फार सवय आहे, त्यानं ईसीएम आणि सेन्सर दोन्हीचा जीव जातो. तसं झालं असेल आणि वायरिंग स्वच्छ निघालं, तर मग ईसीएमचं बघू.

प्रश्न : वीटभट्टीवर जुनं मशीन आहे, साध्या डिझेल पंपाचं. परवा चालू करताच रेस व्हायला लागलं, निळा धूर, चावी बंद केली तरी थांबेना, शेवटी स्वतःच जाम झालं. पंप ओव्हरहॉल करायला द्यावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भाऊ, पंप नंतर. पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा रॅक किंवा गव्हर्नर अडकला तरी इंजिन पळतं, पण धूर बहुतेक काळा असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचं सील गेलं किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑइल हवेच्या पाइपात शिरलं की इंजिन त्याच्यावरच पळत राहतं, डिझेल बंद केल्यानं त्याला काही फरक पडत नाही. टर्बोपुढचा होज काढा, आत ऑइल साचलेलं दिसेल. डिपस्टिक पण बघा, लेव्हल वाढलीय आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येतोय तर डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय.

अशा वेळी हवा तोडायची असते. जाड फळी हवेच्या तोंडावर दाबायची किंवा सीओटूचा सिलेंडर आत सोडायचा. हात नाही, फडकं पण नाही, आत ओढून घेतं. आणि ते जमण्यासारखं नसेल तर सरळ लांब पळायचं, इंजिन परत मिळतं.

आता जाम झालंय तर उघडल्याशिवाय सेल मारू नका. व्हॉल्व्ह, पुशरॉड, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सगळं तपासा. टर्बो नवा टाकला तरी इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि पाइप धुऊन कोरडे करा, मशीनला असेल तर. आत राहिलेल्या ऑइलवर नव्या टर्बोचं इंजिन पण पळतं, मी माझ्या गॅरेजात एकदा पाहिलंय, आम्ही चौघं चार दिशांना पळालो होतो.

प्रश्न : पसरणी घाट उतरताना आमच्या जेसीबीचा आरपीएम लालमध्ये जातो. पंप खराब का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नाही हो, चाकंच इंजिनला ढकलतायत. पाय काढला तरी डिझेल तेवढं कमी होतं, उताराचा जोर कुठं कमी होतो? उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, मधे न्यूट्रल करू नका, आणि एकदा ब्रेक पण दाखवून घ्या.