शहरी दंतकथा खोट्या ठरल्या तरी लोक त्या खऱ्या म्हणूनच का सांगत राहतात?

तुम्ही प्रश्नाखाली मावशींचा किस्सा लिहिला आहे, तिथूनच सुरुवात करते. मावशींनी घरच्या ग्रुपवर किडनी काढून घेणाऱ्या टोळीचा मेसेज टाकला. तो खोटा असल्याची बातमी तुम्ही त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या, "असेल खोटं, पण काळजी घेतलेली बरी," आणि चार दिवसांनी तोच मेसेज त्यांनी भिशीच्या ग्रुपवर पाठवला. शिकलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई असं का करते, असं तुम्ही विचारता.

मला वाटतं, मावशींनी उत्तर देऊन टाकलं आहे. मेसेज पाठवताना त्या मनाने कुणाची तरी काळजी घेत असतात. बाहेर निघालेल्या माणसाला "छत्री घेऊन जा" म्हणताना आज पाऊस पडेलच का, हे कोण तपासून बघतं? नाही पडला तर नाही पडला, छत्रीचं काय बिघडलं. या गोष्टीही लोक त्याच मनाने सांगतात. फरक एवढाच की त्या खोट्या निघाल्या तर किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते, आणि सांगणाऱ्याला तो माणूस कधी दिसतही नाही.

मला तो एकदा दिसला होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पाचवीत असेन. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ नदीवर पुलाचं काम चालू होतं. खांब वर यायला लागले आणि हूल उठली की पुलाला बळी लागतो. पायात लहान मूल घातल्याशिवाय खांब टिकत नाही, आणि कंत्राटदाराची माणसं पोरं धरायला गावोगाव फिरताहेत. पलीकडच्या गावातलं एक पोरगं गेलं, असं जो तो सांगायचा. पलीकडचं गाव म्हणजे माझ्या मामाचं गाव. दिवाळीला तिथे गेले तेव्हा मामी मला जवळ घेऊन म्हणाली, "तुमच्याकडचं पोरगं गेलं म्हणे, कुणाचं गं?" मला काहीच सांगता आलं नाही. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तिसऱ्या गावचं असेल."

दर वर्षी सुगी झाली की आमच्याकडे डवरी गोसावी यायचे. काखेत झोळी, हातात डौर, तोंडी भैरवनाथाची गाणी. आजी सुपातून जोंधळे घेऊन ओट्यावर यायची, त्यांच्या बायकापोरांची चौकशी करायची. त्या वर्षी डौराचा आवाज आळीत आला आणि आजीने आतून कडी घातली. मला पोटाशी धरून ती चुलीपाशी बसून राहिली. बाहेर डौर बराच वेळ वाजला, मग थांबला. फटीतून मला त्या माणसाचा चेहरा दिसला. दर वर्षीचाच माणूस होता. बंद दाराकडे बघत उभा होता, मग पुढच्या दाराशी गेला. तेही बंदच होतं.

त्या वर्षी याहून जास्त काही झालं नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात काही दिवसांपासून फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं कारण पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. पाचही जणांना.

जूनमध्ये तसाच एक मेसेज मीही पुढे पाठवला होता. माझ्या बहिणीची मुलं लहान होती, तिला पाठवला, आणि खाली लिहिलं, "खरं-खोटं माहीत नाही, पण जपून." राईनपाड्याची बातमी वाचल्यावर मला पहिल्यांदा आजीच्या दाराची कडी आठवली. माझा मेसेज धुळ्याला पोचला असेल असं नाही. पण असंच "जपून" लिहून पाठवणाऱ्या हजारो बायाबापड्यांच्या हातांतून ती गोष्ट त्या बाजारापर्यंत गेली होती, आणि त्यांच्यातल्या एकीलाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं.

त्या दिवसांत मोटरसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ फिरत होता, तुम्हीही पाहिला असेल. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी बनवला होता. मूळ चित्रफितीत मोटरसायकलवाले परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत हा शेवट कापलेला होता. दुसऱ्या एका मेसेजमध्ये लहान मुलांच्या मृतदेहांच्या रांगा होत्या. ती सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली मुलं होती. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. त्याने वेग कमी झाला असेल. पण माझ्या आजीकडे कुठला फोन होता?

तेव्हा "हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपमुळे" हे उत्तर मला पटत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाचं बघा. सरकारी माणसं आजाऱ्याला घरातून उचलून रुग्णालयात नेत. तिथे पोचेपर्यंत बहुतेकांचा आजार हाताबाहेर गेलेला असे, त्यामुळे गेलेला माणूस परत येत नसे. मग बोलवा झाली की साहेब लोक रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं. त्या अपमानाचा राग शमवायला राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत, असंही लोक सांगत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. आणि २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली रुग्णाच्या किडन्या काढतात, म्हणून बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. सव्वाशे वर्षांत तेलाच्या जागी किडनी आली, बाकी गोष्ट तीच. दोन्ही वेळेला खरी गोष्ट एकच होती: घरातलं माणूस डोळ्यांआड नेलं गेलं आणि तोंड न बघता त्याला निरोप द्यावा लागला. ही भीती खोटी नव्हती. तिला धरायला काहीतरी हवं होतं.

भीती आधी येते आणि गोष्ट मागून, हे आपल्याच देशात एका अभ्यासकाने फार पूर्वी टिपून ठेवलं आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. याहून मोठा धक्का येणार, महापूर येणार, अशा त्या अफवा होत्या. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला त्यांत एक कोडं दिसलं: जमीन हादरलेली जाणवली, पण आजूबाजूला फारशी पडझड झाली नाही, अशा ठिकाणच्या लोकांनी या अफवा धरल्या होत्या. आधीच घाबरलेल्या माणसाने आणखी घाबरवणारं का ऐकावं? त्याचं म्हणणं असं की छातीत धडधड तर आहे, पण समोर कारण दिसत नाही, ही अवस्था माणसाला सोसत नाही. धडधडीला शोभेल एवढं मोठं कारण मिळालं की तो त्यातल्या त्यात सावरतो. मला हे वाचल्यावर पुलाचं काम आठवलं. गावाबाहेरून आलेली शे-दोनशे माणसं, रात्री चालणारी यंत्रं, नदीच्या पोटात खणलेले खड्डे. आजी धास्तावली होतीच. बळीच्या गोष्टीने त्या धास्तीला नाव दिलं. बांगलादेशात पद्मा नदीवरच्या पुलाला मुंडकी लागतात अशी आवई २०१९ मध्ये उठली. प्रशासनाला जाहीर खुलासा करावा लागला, तरी त्या जुलैत जमावाने माणसं मारली. त्यांत ढाक्यातली एक आई होती. ती मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला शाळेत गेली होती.

सगळ्याच दंतकथा इतक्या जीवघेण्या नसतात, हेही खरं. घाटात पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक घाटात आहे. अमेरिकेत १९४२ मध्ये दोन अभ्यासकांनी गाडीत बसून मध्येच नाहीशा होणाऱ्या प्रवाशाच्या गोष्टीची ७९ रूपं जमवली होती. वळणावर अपघातात गेलेल्या कुणाची तरी आठवण तिच्यात असते, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वेग कमी करतो, आणि कुणाच्या दाराला कडी लागत नाही.

ज्या गोष्टीत दोषी माणूस असतो, तिथे मात्र तो माणूस कोण ठरतो हे बघायला हवं. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चाळिशीच्या दशकात एक प्रयोग केला. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात गोरा माणूस हातात वस्तरा घेऊन काळ्या माणसाशी बोलत उभा आहे. हे वर्णन एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं कानोकानी सांगत गेलं की निम्म्याहून अधिक वेळा कुठेतरी वस्तरा काळ्या माणसाच्या हातात जाई. आपल्याकडचा वस्तरा भटक्यांच्या हातात जातो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावाबाहेर पाल पडलं की संशय घ्यायचा ही सवय गेली नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे फार दुखतं. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, गुन्ह्यांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीतलाच निघतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर. "ओळखीच्यांपासून जपून" हा मेसेज कोण कोणत्या ग्रुपवर टाकणार? त्याच ग्रुपवर तो काकाही असतो. झोळीवाला कुठल्याच ग्रुपवर नसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला कुणाचीच भीड पडत नाही. परक्याची भीती सांगणं सोपं जातं, आणि ती सांगून झाली की घरातल्या प्रश्नाला हात न लावताही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मावशींच्या किडनीचंही थोडं असंच आहे. शुद्धीवर आलो तर पाठीला टाके, ही गोष्ट खरी होणं अवघड आहे, कारण किडनी ज्याला बसवायची त्याच्याशी रक्तगट आणि इतर चाचण्या आधी जुळाव्या लागतात, शस्त्रक्रियेला अख्खं पथक लागतं, आणि काढलेली किडनी थंड ठेवली तरी दीड-दोन दिवसांच्या आत बसवावी लागते. पण किडनीचा काळा बाजार खोटा नाही. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा त्यासाठीच करावा लागला, आणि तरीही २००८ मध्ये गुडगावचं मोठं प्रकरण उघडकीस आलं. तिथे गरीब मजुरांना कामाचं आणि पैशांचं आमिष दाखवून आणलं जात होतं. मावशींच्या मेसेजमध्ये मात्र बळी पडणारा नेहमी मॉलमध्ये गेलेला, आपल्यासारखा मुलगा असतो. ज्यांच्या किडन्या खरोखर गेल्या, ते त्या गोष्टीतून गळून गेले.

आता तुमच्या मावशींशी काय बोलायचं. माझ्या आईचा गेल्या वर्षी फोन आला, "आपल्याकडे पोरं पळवणारे आलेत." पूर्वी मी "खोटं आहे गं" म्हणून विषय संपवला असता आणि ती दुखावली असती. या वेळी विचारलं, "कुणी सांगितलं?" शेजारच्या काकूंनी. त्यांना फोन लावला, त्यांना त्यांच्या सुनेने सांगितलं होतं. सुनेला शाळेच्या रिक्षावाल्याने. रिक्षावाले दादा म्हणाले, "मला तर तुमच्या गल्लीतल्याच एका ताईंनी सांगितलं." आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "रिक्षात बारा-बारा पोरं कोंबतात, तो दिवसभर कुठे कुठे फिरतो, ते बघूनच मला धस्स होतं." भीती तिथे होती. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, आणि दुसऱ्या दिवशी आई आणि काकू रिक्षावाल्या दादांशी बोलायला गेल्या.

म्हणून मावशींना आणखी एक लिंक पाठवू नका. फोन करा. मेसेज कुणाकडून आला ते विचारा, त्याला कुणाकडून आला तेही विचारायला लावा. आणि मग त्यांच्या घरातलं कोण सध्या रात्री उशिरा एकटं घरी येतं, ते विचारा.