पीएसपी घेतलास ना, मग हे आधी वाच

भावा, जुना पीएसपी (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) मिळाला हे भारीच झालं, पण घाईघाईत काहीही टाकू नको. आधी मागचं झाकण काढून बॅटरी बघ, जरा जरी फुगलेली वाटली तर चार्जिंगला लावूच नको, दुसरी घे. मग सेटिंगमध्ये व्हर्जन बघ, ६.६१ असेल तर बेस्ट, आर्क-४ कस्टम फर्मवेअर (म्हणजे सोनीबाहेरचे प्रोग्रॅमपण चालवू देणारं बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर) त्यावर मस्त चालतं. अपडेट करताना चार्जर लावलेला हवाच, आणि नाशकात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही म्हणून बॅटरीपण फुल ठेव.

कार्डचं नीट ऐक. पीएसपीला लागणाऱ्या सोनीच्या जुन्या प्रो ड्युओ मेमरी कार्डांत डुप्लिकेट फार, त्यापेक्षा मायक्रोएसडीचा ॲडॅप्टर घे आणि कार्ड एमजी रोडला मोबाईलवाल्याकडून बिलासकट घे. फॉरमॅट पीएसपीमधूनच कर. होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले गेम आणि प्रोग्रॅम) जातं पीएसपी फोल्डरच्या आतल्या गेम फोल्डरमध्ये, प्रत्येकाला वेगळा फोल्डर आणि तो उघडला की ईबूट फाईल (जिच्यावरून तो प्रोग्रॅम सुरू होतो ती) थेट दिसली पाहिजे, अनझिप करताना फोल्डरात फोल्डर झाला की नवीन पोरांचं तिथंच अडतं, मग म्हणतात चालत नाही.

एमुलेटरचं (दुसऱ्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) म्हणशील तर प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंतच जातो हे लक्षात ठेव. गेमबॉय ॲडव्हान्स छान पळतं, सुपर निन्टेंडोचे काही गेम अडखळतात, निन्टेंडोच्याच एन६४ कन्सोलच्या नादी लागू नको. प्लेस्टेशन १ मात्र खरंच खेळून बघ, त्याचा एमुलेटर सोनीनेच आत दिलाय त्यामुळे बहुतेक गेम एकदम स्मूथ, फक्त स्वतःच्या डिस्कवरून काढलेलेच वापर. कुठे अडलास तर मॉडेल नंबर आणि स्क्रीनवर काय येतंय ते सांग, १००० आणि ३००० या मॉडेलांची पद्धत थोडी वेगळी असते.