खाडीच्या चिखलातले कृमी ओळखायचे कसे?

प्रश्न: ऐरोलीच्या खाडीकाठचा चमचाभर चिखल कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघितला, दोऱ्यासारखे खूप गोलकृमी वळवळत होते पण मला सगळे सेमच वाटले. कसे ओळखू?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच सेम वाटतात, बहुतेक जण एक-दोन मिलिमीटरचे किंवा त्याहून लहानच असतात ना. ग्लिसरीनमध्ये स्लाइड कर आणि ऑइल इमर्शन लेन्सने आधी डोकं बघ. डोक्याच्या दोन्ही बाजूंना अँफिड असतं, म्हणजे वास-चव कळणारा अवयव, ते खिशासारखं असलं तर बहुतेक एनोप्लिडा हा गट आणि स्पायरल किंवा गोल असलं तर क्रोमाडोरिया हा गट, माझ्या मते सगळ्यात भरवशाची सुरुवात हीच. मग तोंड. वीझर या प्राणीशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये तोंडावरूनच खाण्याचे चार गट पाडले, बिनदाताचं बारीक तोंड, बिनदाताचं मोठं, छोटे दात आणि मोठे दात-जबडे. त्वचेवरच्या रेघा, ठिपके, केस, शेपटी हेही लिहून ठेव. पण स्पीशीजपर्यंत जायचं तर प्रौढ नर शोधच, त्याच्या स्पिक्यूलचा, म्हणजे मीलनासाठीच्या काट्यासारख्या अवयवाचा, आकार बघावा लागतो, पिल्लांवरून नाव ठरवू नकोस. आणि हो, खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा पुढचा चिखल वनविभागाला विचारूनच घे.