गाई-शेळ्यांची आंबोणाची बादली फाटकाला पक्की अडकवण्यासाठी घरच्या घरी काय करता येईल?

आपण विचारले आहे की आपल्याकडील दोन गाई आणि चार शेळ्या वाड्याच्या लोखंडी फाटकाशी उभ्या राहून आंबोण, म्हणजे भिजवलेला पेंड-कोंडा, खातात, बादल्या फाटकाला बाइंडिंग वायरने बांधल्या तरी रोज एखादी पालथी होतेच, तेव्हा कमी खर्चात करता येण्याजोगे एखादे साधन आहे का. साधन आहे, आणि ते मी खाली सविस्तर सांगते. परंतु त्याआधी ती बाइंडिंग वायर आजच्या आज काढून टाकावी, ही विनंती.

गाय शेळीसारखी ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेने घास ओढून घेते आणि फारसा न चावता गिळते. वारंवार पीळ देऊन तुटलेला तारेचा तुकडा पेंडीबरोबर पोटात गेला, की तो जाळीसारख्या दिसणाऱ्या कप्प्यात जाऊन बसतो. या कप्प्याच्या पुढे श्वासपटल आणि त्याच्या लगेच पलीकडे हृदय असते. कप्पा आकुंचन पावताना तार पुढे सरकत जाऊन हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते, आणि बाहेरून आपल्याला एवढेच दिसते की गाय खाणे सोडते, पाठीची कमान करून उभी राहते आणि उतारावरून चालायला नाखूश असते. अशा वेळी पशुवैद्यकांना बोलावण्यास उशीर करू नये. तारेऐवजी सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरावी असे कोणी सुचवील, पण तिचे चघळलेले धागेही पोटात जाऊन गोळा होतात, म्हणून जनावराच्या तोंडाशी तीही मला नको वाटते.

आता बादली पालथी का होते ते पाहू. आमचे घर देवगड तालुक्यात समुद्रापासून जवळ आहे आणि गोठ्यात दोन गाई, एक पाडी आणि पाच शेळ्या आहेत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गाय मुद्दाम बादली ढकलते, अशी माझी समजूत होती. सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "ती रागान ढकलणा नाय गो, तिका तळ चाटूचो आसता." हे अगदी खरे आहे. बादली भरलेली असेपर्यंत स्वतःच्या वजनाने स्थिर राहते. आंबोण तळाला जाते तसे गाय तोंड आत खुपसून एका कडेला जीभ दाबते, रिकामी होत आलेली बादली झोका घेते, झोक्याबरोबर कडी वर उचलली जाते आणि ती आकड्यातून सुटते. म्हणजे बादलीला झुलणे, वर उचलले जाणे आणि कलणे अशा तीन हालचाली असतात, आणि केवळ कडी घट्ट बांधल्याने त्यांपैकी एकच थांबते. आपली वायर कितीही पक्की असली तरी बादली पालथी होत राहते, ती याच कारणाने.

गाईंसाठी आम्ही वापरतो तो आकडा लोखंडी पट्टीचा आहे. पट्टी 25 मिलिमीटर रुंद, 5 मिलिमीटर जाड आणि साधारण 45 सेंटिमीटर लांब असते. तिचे वरचे टोक उलट्या यू आकारात वाकवून ते फाटकाच्या आडव्या पाइपवर बसवायचे, आणि खालचे टोक पुढे व वर वळवून बादलीची कडी टेकेल असा आकडा करायचा. इथपर्यंतचे काम कोणताही वेल्डिंगवाला करून देतो. खरी युक्ती पुढच्या दोन भोकांत आहे. वरच्या वळणाच्या दोन्ही पायांना पाइपच्या लगेच खाली समोरासमोर भोक पाडून त्यातून नट-बोल्ट घालायचा, म्हणजे गाईने खालून डोके मारले तरी आकडा पाइपवरून निघत नाही. खालच्या आकड्याच्या तोंडाशी दुसरे भोक पाडून त्यातून पिन आरपार घालायची, म्हणजे कडीला वर निसटायला वाट राहत नाही. ही पिन मी ट्रॅक्टर-टिलरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणते. अवजार अडकवताना जी गोल कडीची, झटकन बंद होणारी लिंच पिन लावतात, तीच ही. ती एका हाताने काढता येते आणि याला फार महत्त्व आहे, कारण दुसऱ्या हातात भरलेली बादली असते, आणि दोन हात लागणारे कोणतेही साधन आठवडाभरात खुंटीवर जाऊन बसते. पिनेला बोटभर साखळी जोडून ती पट्टीला वेल्ड करून घ्यावी, नाहीतर ती पेंढ्यात पडते, आणि पेंढ्यात पडलेले लोखंड शेवटी कुठे जाते ते वर सांगितलेच आहे.

पहिला आकडा करून घेताना माझी एक चूक झाली, ती आपण करू नये. आमच्या फाटकाला "दीड इंची" पाइप आहे, म्हणून मी कारागिराला वळण दीड इंचाचे, म्हणजे 38 मिलिमीटरचे ठेवायला सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणे केले आणि आकडा पाइपवर बसलाच नाही. पाइपचे हे माप आतल्या पोकळीवरून ठरलेले नावापुरते माप असते; दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 48 मिलिमीटर भरतो. पाइपभोवती सुतळी गुंडाळून, तिची लांबी मोजून 3.14 ने भागली तरी बाहेरचा व्यास कळतो. वळण त्याहून दोन-तीन मिलिमीटर सैल असावे, त्याहून अधिक नको.

आकड्याने बादली उचलली जाणे थांबते. झुलणे आणि कलणे थांबवण्यासाठी बादलीच्या पोटाला पट्टा लागतो. स्कूटरच्या जुन्या ट्यूबची दोन इंच रुंद पट्टी लांबीत कापून घ्यावी, ती बादलीभोवती आणि फाटकाच्या मागच्या उभ्या गजाभोवती फिरवून ताणावी, आणि तिच्या टोकाला कापलेल्या चिरेतून बोटाएवढी लाकडी खुंटी आडवी घालून अडकवावी. रबर ताणले जात असल्याने बादली गजांना टेकून राहते आणि गाईने दाबले तरी किंचित हलून जागेवर येते. खुंटी फाटकाच्या बाहेरच्या बाजूला असावी, जिथे जनावराचे तोंड पोहोचत नाही. आमची पहिली पट्टी पाडीने चघळून संपवली, कारण मी गाठ आतल्या बाजूला ठेवली होती.

बादली कोणत्या उंचीवर असावी, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. फाटकाच्या सर्वांत वरच्या पाइपला बादली टांगली की ती आपल्याला सोयीची होते, गाईला नाही. गाय चरताना मान खाली घालते आणि त्या स्थितीत तिला लाळ अधिक सुटते. ही लाळ पोटातील आम्ल सौम्य करते, म्हणून पेंड-कोंडा खातानाही मान खालीच असलेली बरी. आम्ही मधल्या पाइपला आकडा लावून बादलीचा तळ जमिनीपासून वीतभर वर ठेवतो. तळ जमिनीला टेकवू नये, कारण मग पाय पडतो आणि शेणही लागते.

फाटकाचा उघडणारा भाग असेल तर बादली बिजागरीच्या बाजूला लावावी, कडीकोयंड्याच्या बाजूला नव्हे. आठ फुटी फाटकाच्या मोकळ्या टोकाशी पंधरा किलोची बादली आणि त्यावर गाईच्या डोक्याचा दाब, असा भार रोज पडला की बिजागरी ओघळते आणि पुढच्या पावसाळ्यात फाटक जमिनीवर घासू लागते. शिवाय तोंड रोज कोयंड्याजवळ गेले की काही हुशार गाई तो उघडायला शिकतात. आमच्या थोरल्या गाईने हा उद्योग केला, आणि तिला शोधायला मला शेजारच्या कलमांच्या बागेपर्यंत जावे लागले.

शेळ्यांचे शास्त्र वेगळे. शेळी पुढचे दोन पाय बादलीत घालून उभी राहते, कडी दातांनी उचलून पाहते आणि पिन काढता येते का याचाही अंदाज घेते. तिच्यासाठी आकडा नको, कडे हवे. 8 मिलिमीटरच्या सळईचे गोल कडे करून ते फाटकाच्या बाहेरच्या बाजूने गजांना पक्के वेल्ड करावे, म्हणजे शेळी गजांतून मान बाहेर काढून खाईल आणि पाय घालू शकणार नाही. बादली तळाशी निमुळती असते, त्यामुळे ती कड्यात वरून सोडली की काठाखाली चार बोटे अंतरावर घट्ट बसते; कड्याचे माप त्याच जागी बादलीचा घेर मोजून घ्यावे. काठावर येणारी एक फिरती लोखंडी जीभ कड्याला बोल्टने जोडली की बादली खालून वर ढकलली जात नाही. कड्यात बसणाऱ्या बादलीची मूळ तारेची कडी काढूनच टाकावी. आमच्या एका शेळीचे शिंग त्या कडीत अडकले आणि ती बादली डोक्यावर घेऊन सगळ्या खळ्यात धावली. इतर शेळ्या तिला पाहून जितक्या घाबरल्या, त्याहून ती स्वतः अधिक घाबरली होती. गजांमधील अंतरही तपासावे, कारण मागे वळलेल्या शिंगांची शेळी मान सहज आत घालते, पण बाहेर काढताना शिंगे अडतात. आमच्याकडे शिंगवाल्या शेळ्यांपुढील एक गज कापून तिथे मान वरून घालता येईल अशी खाच ठेवली आहे.

आपले फाटक लोखंडी आहे म्हणून हे सर्व जमते. बांबूचे बेडे, म्हणजे बांबूचे फाटक, असेल तर त्याला बादलीचा भार देऊच नये. बाजूच्या जांभ्याच्या खांबाला आकडा लावता येतो, पण जांभा सच्छिद्र असल्याने त्यात ठोकलेला प्लग किंवा फुगणारा बोल्ट काही महिन्यांतच ढिला होतो. खांबाच्या आरपार भोक पाडून लांब बोल्ट घालावा आणि पलीकडे रुंद लोखंडी पट्टीचा वायसर द्यावा.

आपण किनाऱ्यावर राहता, म्हणून गंजाविषयी थोडे सांगणे भाग आहे. नुसत्या लोखंडाचा आकडा खाऱ्या वाऱ्यात पहिल्या पावसाळ्यालाच पापुद्रे सोडू लागतो. स्टेनलेस स्टीलची 304 जात आमच्याकडे तांबूस डाग धरते; 316 जातीत मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या हवेत चांगली टिकते, पण आकड्यासाठी तेवढा खर्च मला पटत नाही. मी सगळी वळणे आणि भोके पूर्ण झाल्यावर आकडे गरम जस्तात बुडवून घेतले. क्रम उलटा करू नये, कारण आधी जस्त चढवून नंतर वेल्डिंग केले की त्या जागेचे जस्त जळते, गंज तिथूनच सुरू होतो, आणि त्याचा धूर वेल्डिंगवाल्यालाही बाधतो. रंग मात्र जिथे जीभ पोहोचते तिथे लावू नये. गुरांना रंगवलेले लोखंड चाटण्याची खोड असते आणि शिशाचा रंग त्यांना विषारी ठरतो. 2017 पासून घरगुती व सजावटीच्या रंगांमधील शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे, पण वेल्डिंगच्या दुकानात उघडलेल्या डब्यात कोणता रंग आहे आणि तो कधीचा आहे, हे आपण कसे सांगणार?

बादलीविषयी विचारलेले नाही, तरी एक सांगते. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या सर्रास वापरल्या जातात. त्यांचे कान उन्हाने ठिसूळ होऊन अचानक तुटतात, म्हणून त्या टांगण्यापेक्षा कड्यात बसवणे बरे. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी गोठ्यात आणू नये.

साधन काढता-घालता येणारे असावे, असा माझा आग्रह आहे, तो बादली रोज धुता यावी म्हणून. पावसाळ्यात उरलेले ओले आंबोण काही तासांतच आंबते, दुसऱ्या दिवशी त्यावर बुरशीही दिसते, आणि रात्री फाटकावर राहिलेल्या बादलीत उंदीर उतरतात. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जनावरांना होतो तसाच माणसांनाही होतो, आणि सिंधुदुर्गात "लेप्टो" हा शब्द काय असतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खाणे संपले की पिन काढून बादली धुवावी आणि पडवीत पालथी ठेवावी. आकडा फाटकावरच राहतो. त्याचे उघडे टोक जनावराच्या डोळ्याला लागू नये म्हणून ते घासून गोल करून घ्यावे आणि बादली नसताना आकडा पाइपवर फिरवून फाटकाच्या बाहेरच्या बाजूला करावा.

आमचे दोन आकडे आणि शेळ्यांची तीन गोल कडी मिळून जस्ताच्या खर्चासह 1,500 रुपयांच्या आत झाली. वर्कशॉपमध्ये जाताना रिकामी बादली आणि फाटकाच्या पाइपचा एखादा तुकडा बरोबर न्यावा, म्हणजे माझ्यासारखा दुसरा फेरा पडणार नाही.