दाढ काढताना झोपेचं इंजेक्शन देणार आहेत, बोटाला ऑक्सिमीटर लावला की पुरे ना?

नाही पुरे. तुमच्या आईची आडवी अक्कलदाढ काढायचीये आणि डॉक्टर म्हणाले "ऑक्सिमीटर आहे, काळजी नको", हे वाचून राहवलं नाही. मी इंदूरात भूल देते, बावीस वर्षं झाली.

तो आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा, श्वासाचा नव्हे. नाकात ऑक्सिजन चालू असला की श्वास थांबल्यावरही मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तच, आकडा ९८ वर आरामात बसलेला असतो.

इथल्याच एका क्लिनिकमध्ये जाड मानेचे एक काका होते, मिडाझोलॅम (झोपेचं औषध) आणि थोडं फेंटॅनिल (जोरदार वेदनाशामक) दिलेलं, मस्त घोरत होते, सर्जन खालचा जबडा दाबून दाढेशी झटतोय, ड्रिल, पाणी, सक्शनची घरघर, आणि एकदम घोरणं बंद. सर्जन खूश, "अब सोए ढंग से." मी काकांच्या गळ्याखाली स्टेथोस्कोप चिकटवून ऐकत बसलेले, तिकडे काहीच नाही. थांबा म्हटलं तर "मॅडम, अट्ठानवे है, दिख नहीं रहा?" सरळ त्याचा हात बाजूला केला, जबडा वर उचलला, काकांनी मोठ्ठा श्वास ओढला आणि आकडा घसरला तो त्याच्यानंतर! ९१ पर्यंत. बोटापर्यंत खबर उशिराच पोचते. मग साहेबांची धावपळ. पुढे तो सगळ्यांना सांगत फिरला की मॅडमनी डोस जास्त दिला. दिला असेलही थोडा, पण मुद्दा तो नाहीये.

मुद्दा कॅप्नोग्राफचा. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो, दर श्वासाला स्क्रीनवर एक लाट, लाट गेली की लगेच कळतं. अमेरिकेतल्या ओरल सर्जनांच्या संघटनेने २०१४ पासून सेडेशनला, म्हणजे असं औषध देऊन झोपवताना, हे लावायलाच सांगितलंय. आमचे साहेब म्हणे "महाग पडतं", आणि पुढच्याच वर्षी इंपोर्टेड खुर्ची आणली.

हां, पेशंट तोंडाने श्वास घेत असेल तर लाट उगाच सपाट दिसते, म्हणून छातीवर नजर आणि कानात स्टेथोस्कोप हवाच. आणि नुसतं हिरडीत सुन्न करायचं इंजेक्शन असेल तर यातलं काही लागत नाही, ते आधी विचारून घ्या. सेडेशनच असेल तर श्वासाकडे बघायला सर्जनशिवाय वेगळा माणूस आहे का विचारा, आई घोरत असेल तर ते सांगा, आणि सकाळी उपाशी न्या. "फक्त पोहेच खाल्लेत" म्हणणारे आमच्याकडे रोज भेटतात.