ना चोक, ना वायर, तरी ट्यूब पेटली

प्रश्न : आमच्या वाड्याच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या काकांनी हॅम रेडिओची (हौशी लोकांच्या बिनतारी संचाची) तार ताणली आहे. परवा संध्याकाळी भंगारात द्यायची गेलेली ट्यूब घेऊन मी तिथं गेलो, तर ती हातातच उजळली! काका माइकवर बोलले की उजेड, थांबले की अंधार. असं काहून होतं? आमचं बिल तर वाढत नाही ना?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : बिलाचं आधी सांगतो. ती वीज काकांच्या मीटरवर पडते, तुम्ही निर्धास्त राहा.

ट्यूब ‘गेली’ म्हणजे बहुतेक वेळा टोकाची फिलामेंट गेलेली असते. आतला आरगॉन आणि चिमूटभर पारा शाबूतच असतो. गॅस इतका विरळ, की त्यातल्या सुट्या इलेक्ट्रॉनला धावायला मोकळं मैदान मिळतं. तारेभोवतीचं विद्युतक्षेत्र सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलत त्याला हुसकावतं. तो पाऱ्याच्या अणूवर आदळला की अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतली पांढरी भुकटी त्यांचा उजेड करते. फिलामेंटचं काम उरतंच कुठं? निकोला टेस्लानं १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच बिनतारेच्या नळ्या हातात धरून दाखवल्या होत्या.

उघडझाप मात्र खरी गंमत. काका बहुधा सिंगल साइडबँडवर, म्हणजे आवाज पाठवायच्या एका पद्धतीनं, बोलत असावेत. त्यात आवाज असेल तेव्हाच लहर निघते. काका श्वास घ्यायला थांबले की सेट गप्प. तुम्ही काकांचं बोलणं डोळ्यांनी पाहिलंत म्हणा ना!

माझ्या धरमपेठेतल्या गच्चीवर १४ मेगाहर्ट्झची तार आहे, साधारण १० मीटरची, मधोमध केबल जोडलेली. ट्यूब टोकाशी नेली की झगझगते, मधे आणली की मंदावते, कारण व्होल्टेज टोकांना जास्त आणि करंट मधे. म्हणूनच टोकाला हात लावायचा नाही. माझ्या बोटावर त्याचा बारीक पांढरा डाग अजून आहे. वरून साधा दिसतो, पण आत खोल भाजलं होतं.

पुन्हा करून पाहायचं तर काकांना विचारून, दिवेलागणीनंतर. आपल्याकडच्या उन्हात तो उजेड दिसायचा नाही. आणि भंगारवाल्याला ट्यूब अख्खी द्या. फुटली की पारा घरात.