भाऊ म्हणतो हक्कसोडवर फक्त सही कर

ताई, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, हिचं माहेर निफाडकडचं, वडील नुकतेच गेलेत, पाच एकर वडिलोपार्जित जमीन, मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. धाकट्या भावाचा फोन आलाय की सोमवारी रजिस्टर ऑफिसला ये, येताना आधार कार्ड आण, हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला तुझा वाटा सोडून दिल्याच्या कागदावर, फक्त सही करायचीये. मोठी बहीण तयार आहे. आई म्हणते भावांशी वाकडं घेऊ नको, माझ्यामागे तुला दार कोण उघडेल. आणि नवरा म्हणतो सोडू नको, गुंठ्याला काय भाव चाललाय माहितीये का.

तर पहिलं म्हणजे सोमवारी जाऊ नको. पोराची परीक्षा आहे म्हण, ताप आलाय म्हण, काय वाटेल ते सांग. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मग दबाव होता, फसवून सही घेतली, हे दिवाणी कोर्टात तुलाच सिद्ध करत बसावं लागतं आणि त्यात किती वर्षं जातात ते गावात विचार कुणालाही.

हक्काचं म्हणशील तर मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने देशभर दिला, आपल्याकडे तर १९९४ लाच दिला होता, फक्त तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने उरलासुरला घोळही मिटवला. वडिलांनी पूर्वीच रीतसर वाटणी करून ठेवली नसेल तर तुमच्यात आईसकट पाच जण, म्हणजे प्रत्येकी एक एकर, इतकं सरळ आहे. "तुझ्या लग्नात खर्च केला" हे कायद्यात वजा होत नाही, आणि भावांची लग्नं काय फुकटात झाली का?

आता भावाची बाजू. सगळीच खोटी नाहीये. सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात, दरवेळी बहिणीला पुण्याहून बोलवायचं हा वैताग आहेच, आणि उन्हातान्हात तो राबतोय. म्हणून त्याला सांग, जमीन तूच कस, पीकही तुझं, कर्जाला संमती देते, पण वारस म्हणून माझं नाव सातबारावर लागू दे. असं सामाईक नाव हजारो सातबारांवर आहे. याला तो हो म्हणाला तर प्रश्न कर्जाचाच होता. नाही म्हणाला तर कशाचा होता ते तुझं तुला कळेल. तोवर तलाठ्याकडे वारस नोंदीत तुझं नाव आहे का बघ, फेरफारची, म्हणजे सातबारावरची नावं बदलायची, नोटीस निघाली की पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

पण मला पत्रात खरं खटकलं ते वेगळंच. तू मधेच एका ओळीत लिहून गेलीस की आईची सही मागच्याच आठवड्यात झाली. म्हणजे जी तुला दाराची भीती घालतेय तिच्या नावावर आता स्वतःचंच दार उरलं नाही! बहिणीशी आधी यावरच बोल, जमिनीवर नंतर. दोघी एकत्र उभ्या राहिलात तर आईला म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, निदान दोन एकर तरी तिच्या पोरींच्या हातात असतील.

तुमच्या शेजारीच चांदवड. तिथे १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायकांची तुडुंब गर्दी झाली होती, पुढे संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली, नवऱ्यांनी हौसेने बायकोच्या नावे जमीन केली. बहिणीची पाळी आली की मात्र गावं गप्प होतात.

माहेर तुटेल का? काही वर्षं तुटेलही, भाऊबीजेला फोन येणार नाही, ते दुखेल. खोटं कशाला सांगू.

आणि नवऱ्याचं. तो तुझ्या हक्कासाठी इतका तावातावाने बोलतोय ना, त्याला आज रात्री जेवताना विचार की तुझ्या दोन्ही बहिणींचं हक्कसोड तू कधी करून घेतलंस. काय म्हणतो ते मला कळव.